पहिलं टीए (प्रवास भत्ता) बिल: मुंबईचं प्रशिक्षण, मुक्कामाचा खर्च आणि लॉजची कोरी पावती

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी परभणीची. स्टाफ सिलेक्शनची परीक्षा देऊन नुकतीच केंद्र सरकारच्या एका कार्यालयात नागपूरला रुजू झाले. पद वेतनाच्या लेव्हल ५ चं, मूळ वेतन २९,२०० रुपये. पहिला पगार अजून झालेला नाही. एनपीएसचा, म्हणजे पेन्शन खात्याचा, नंबर आल्याशिवाय बिल निघणार नाही म्हणतात. तेवढ्यात मुंबईला सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणाचा आदेश हातात पडला. त्यात लिहिलंय, 'प्रवास भत्ता व दैनिक भत्ता नियमानुसार अनुज्ञेय राहील.' आणि खाली, 'महिला प्रशिक्षणार्थींसाठी वसतिगृहात जागा शिल्लक नसल्याने त्यांनी निवासाची व्यवस्था स्वतः करावी.'

माझे बाबा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. ते म्हणतात, नोकरीला लागल्या लागल्या पैसे मागू नकोस, साहेब लोक लक्षात ठेवतात. मी पतसंस्थेतून पन्नास हजार काढतो. ऑफिसातले एक वरिष्ठ सहकारी मात्र हसले. म्हणाले, डोंबिवलीला मावशी आहे ना? तिच्याकडे राहा, दादरच्या लॉजची पावती मी मिळवून देतो, सगळेच तसं करतात. माझी एक मैत्रीण दुसऱ्या खात्यात लागली, तिला राहणं-जेवण सगळं संस्थेतच आहे. मला हे सगळं का करावं लागतंय? आणि परभणीहून नागपूरला सामान घेऊन आले त्याचा खर्च मागता येतो का? कुणाला विचारावं तेच कळत नाही.

– एक नवी कर्मचारी, नागपूर

उत्तर

पहिला निरोप बाबांसाठी आहे, तो आजच फोनवर सांग: पतसंस्थेचा अर्ज भरला असेल तर फाडून टाका.

कार्यालय तुला स्वतःच्या कामासाठी पाठवतंय. आदेशात 'अनुज्ञेय', म्हणजे नियमाने मिळणारा, हा शब्द आला, तिथे पैशाचा प्रश्न तत्त्वतः सुटला. उरला तो फक्त आधी कोण खर्च करणार एवढाच, आणि त्यासाठी सरकारात फार जुनी सोय आहे. तिला कागदावर प्रवास अग्रिम म्हणतात, बोलताना सगळे ॲडव्हान्स म्हणतात. दौऱ्यावर किंवा प्रशिक्षणाला निघण्यापूर्वी अंदाजित खर्चाचा अर्ज द्यायचा, तो कार्यालयात मंजूर होतो, आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे तुमचे डीडीओ, त्याचं बिल काढतात आणि रक्कम खात्यात येते. पगार निघालेला नाही म्हणून ॲडव्हान्स मागायचा नसतो असं नाही. फक्त तुझं बँक खातं पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी पैसे खात्यात जमा करणाऱ्या प्रणालीवर, नोंदलं गेलंय का, एवढं उद्या बिल सेक्शनला विचार. नसेल तर त्याच्या मागे लाग, कारण पगारही त्याच वाटेने येणार आहे. नव्या माणसाच्या अर्जावर एखाद्या कार्यालयाने कायम कर्मचाऱ्याची हमी मागितली, तर गोंधळून जाऊ नकोस. सेक्शनमधल्या एखाद्या मॅडमना विचार, सही मिळते.

पैसे मागितले की साहेब लोक लक्षात ठेवतात, ही बाबांची भीती मी समजू शकते. पण बिलांच्या टेबलावर बरीच वर्षं काढलेली बाई म्हणून सांगते, लक्षात राहतात ते उशिरा बिल देणारे, अर्धवट बिल देणारे आणि ॲडव्हान्स घेऊन गप्प बसणारे. वेळेवर नीट अर्ज देणाऱ्याचं नावही कुणाला आठवत नाही.

आता रक्कम किती ते पाहू. आकडा समोर आला की बाबांची भीती आणि त्या वरिष्ठांचं हसू, दोन्ही कुठून येतं ते कळेल. सातव्या वेतन आयोगानंतर वित्त मंत्रालयाच्या व्यय विभागाने १३ जुलै २०१७ ला जो आदेश काढला, त्यावर हे सगळं चालतं. दैनिक भत्त्याचे त्यात तीन भाग आहेत: मुक्काम, शहरातली ये-जा आणि जेवण. लेव्हल ५ व त्याखालच्यांसाठी मूळ दर दिवसाला ४५०, ११३ आणि ५०० रुपये. महागाई भत्ता ५० टक्क्यांना पोचला की हे दर २५ टक्क्यांनी वाढतात अशी तरतूद त्याच आदेशात आहे, आणि १ जानेवारी २०२४ पासून महागाई भत्ता ५० टक्के झाला. म्हणजे आज जेवणाचे ६२५, ये-जा साधारण १४१ आणि मुक्कामाचे साधारण ५६३.

मुंबईत ५६३ रुपयांत काय मिळणार, असं तुझ्या मनात आलंच असेल. ते आदेश लिहिणाऱ्यांच्याही मनात आलं होतं. म्हणून 'एक्स' वर्गातल्या शहरांसाठी लेव्हल ८ पर्यंतच्या सर्वांना मुक्कामाची वेगळी मर्यादा आहे, मूळ १,००० रुपये. २५ टक्के वाढ धरून ती १,२५० होते. ही शहरं आठ: मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद आणि पुणे. नागपूर त्यात नाही. म्हणून नागपुरातल्या तुझ्या सहकाऱ्यांना हा १,२५० चा आकडा ठाऊक नसण्याची शक्यता मोठी आहे. कुणी '५६३ च मिळतात' म्हणालं तर वाद न घालता आदेशातला तो परिच्छेद दाखव. मात्र फरक नीट लक्षात घे. ५६३ पर्यंतचा दावा लेव्हल ८ पर्यंतचा कर्मचारी पावतीविना, स्वतःच्या प्रमाणपत्रावर करू शकतो. त्यात कुठे राहिलो आणि किती दिवस, ते लिहायचं. एक्स शहरातल्या १,२५० साठी पावती लागतेच लागते.

सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस धर. मुक्काम ५२,५०० पर्यंत, जेवण २६,२५०, ये-जा ५,९०० च्या पुढे. बेरीज ८४ हजारांच्या वर जाते. तुझं मूळ वेतन २९,२०० आहे, म्हणजे जवळपास तीन महिन्यांच्या मूळ वेतनाएवढी रक्कम एका बिलात. एवढी रक्कम खिशातून घालायची म्हटलं की बाप पतसंस्थेकडे धावतो. आणि एवढी रक्कम खर्च न करता मिळवायची म्हटलं की ऑफिसातला माणूस कोरी पावती शोधतो.

जेवणाच्या ६२५ ना एकही बिल जोडावं लागत नाही. ती ठोक रक्कम आहे. वडापाव खा नाहीतर थाळी, कार्यालय विचारणार नाही. फक्त दिवस मोजायची रीत आहे: मध्यरात्र ते मध्यरात्र. मुख्यालयापासून, म्हणजे नागपूरपासून, सहा तासांपेक्षा कमी बाहेर असलीस तर त्या दिवसाचे ३० टक्के, सहा ते बारा तासांना ७० टक्के, बारा तासांहून जास्त झाले की पूर्ण. शनिवारी रात्री पावणेनऊच्या गाडीने नागपूर सोडलंस तर शनिवारचे सव्वातीन तास होतात, म्हणून त्या दिवसाचे १८७ रुपये ५० पैसे. रविवारचे पूर्ण. नवे लोक हा शनिवार बिलात धरायला हमखास विसरतात.

शहरातल्या ये-जेचे १४१ स्वतःच्या प्रमाणपत्रावर मिळतात, पण त्यात प्रवासाचा काळ, वाहनाचा नंबर वगैरे लिहायचं असतं. त्यासाठी मोबाइलमध्ये रोज एक ओळ टाकून ठेव: तारीख, कुठून कुठे, रिक्षाचा नंबर, रुपये. सहा आठवड्यांनी आठवून लिहायला बसलीस तर प्रत्येक दिवशी तोच आकडा येईल, आणि प्रत्येक दिवशी तोच आकडा दिसला की बिल तपासणारा पेन खाली ठेवून वर बघतो. (पायी चालण्याचाही दर त्या आदेशात आहे, मूळ १२ रुपये किलोमीटर. खरंच आहे. पण पहिल्याच बिलात पावलं मोजून लावू नकोस, सेक्शनमध्ये वर्षभर नाव पडेल.)

रविवारचं काय, असं तू विचारलं नाहीस, पण सगळे प्रशिक्षणार्थी तिथेच अडखळतात. सुटीच्या दिवसाचा दैनिक भत्ता मिळतो तो तू खरोखर प्रशिक्षणाच्या गावी मुक्कामाला असशील तरच. शुक्रवारी रात्री परभणीला निघून सोमवारी पहाटे परतलीस तर त्या दोन दिवसांचा भत्ता मागायचा नाही. नैमित्तिक रजेच्या दिवसाचाही नाही. घरी जाऊच नकोस असं मी म्हणत नाहीये. जा, आईच्या हातचं खा, आणि बिलात ते दिवस कोरे सोड.

आता गाडी. लेव्हल ५ ला रेल्वेचा थ्री एसी किंवा एसी चेअर कार. विमान लेव्हल ६ पासून सुरू होतं, तेव्हा तो विषय सध्या बंद. नागपूरहून दुरांतो, विदर्भ, सेवाग्राम आहेतच. आदेश हातात आला त्याच दिवशी तिकीट काढायला हवं होतं, अजून काढलं नसलं तर हे वाचून झाल्यावर काढ. दुरांतोचं भाडं मागणीप्रमाणे चढतं, पण प्रशिक्षणाच्या प्रवासाला ते मान्य असतं; तत्काळचा आकारही मान्य असतो. आधी परभणीला जाऊन तिथून देवगिरी किंवा नंदीग्रामने मुंबई गाठायची असेल तर खुशाल जा, पण तुझं मुख्यालय नागपूर आहे. भाडं मिळेल ते नागपूर–मुंबईच्या मर्यादेत, आणि प्रत्यक्ष खर्च कमी झाला असेल तर तेवढंच. खासगी ट्रॅव्हल्सच्या बसने जाऊन मग तिकीट मान्य होईल का असं विचारत बसण्यापेक्षा सरळ रेल्वेने जा.

परभणीहून नागपूरला सामान घेऊन आलीस त्याचं एका ओळीत: मिळत नाही. पहिल्या नेमणुकीवर रुजू होण्याच्या प्रवासाला साधारणपणे प्रवास भत्ता नसतो. ईशान्य भारतासारख्या दूरच्या भागांसाठी सवलती आहेत, परभणी–नागपूरला नाहीत. घरून पहिल्या खुर्चीपर्यंत स्वतःच्या खर्चाने यायचं आणि खुर्चीवर बसल्यानंतर सरकार जिथे पाठवेल तिथे सरकारच्या खर्चाने जायचं, असा तो हिशेब आहे. तू नागपूरला आधी रुजू झालीस आणि मग प्रशिक्षणाचा आदेश निघाला, हे तुझ्या दृष्टीने चांगलंच झालं. काही खात्यांत नवे उमेदवार थेट प्रशिक्षण संस्थेतच रुजू होतात. त्यांना काय मिळणार हे त्यांच्या आदेशात लिहिलेलं असेल तसंच, आणि तिथे बरीच रडारड चालते.

तुझ्या मैत्रिणीचा हेवा करू नकोस. तिला राहणं-जेवण फुकट, म्हणून तिला मुक्कामाचा पैसा नाही आणि जेवणाच्या भत्त्यालाही कात्री लागते. तुला त्रास जास्त आहे, हे खरं. पण सहा आठवडे संध्याकाळी सहानंतर कुणी तुझी हजेरी घेणार नाही, हेही खरं.

आता राहायचं कुठे. इथे मी जरा जास्त बोलणार आहे.

मावशीकडे राहणं पूर्ण रीतसर आहे. कुणाची परवानगी नको. फक्त ज्या रात्री मावशीकडे झोपलीस त्या रात्रीचं मुक्कामाचं भाडं मागायचं नाही, कारण भाडं दिलंच नाहीस. जेवणाचे ६२५ आणि ये-जेचा खर्च तरीही तुझाच आहे. मावशीला घरखर्चाला काही दे, ती नको म्हणेल, तरी दे. पण नियमाचं सोडून सांगायचं तर सहा आठवडे डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडून प्रशिक्षणाला वेळेवर पोचणं, संध्याकाळी उभ्याने परत येणं आणि रात्री उद्याच्या परीक्षेचं वाचणं, हे जमतं का ते स्वतःला विचार. डोंबिवलीच्या बायका वर्षानुवर्षं करतात, त्यांना माझा नमस्कार आहे. तुला ते सहा आठवड्यांत शिकायचं नाहीये, तुला दुसरंच काही शिकायला पाठवलंय. त्यात या प्रशिक्षणाच्या शेवटी परीक्षा असेल आणि तिचे गुण नोंदले जाणार असतील, तर झोप महत्त्वाची.

माझं मत विचारशील तर पहिला आठवडा संस्थेजवळच्या साध्या लॉजमध्ये बरोबरच्या एखाद्या मुलीसोबत, दोघींनी मिळून काढा, आणि त्या आठवड्यात आजूबाजूला पेइंग गेस्टची खोली शोधा. जागा न मिळालेली तू एकटीच नसशील. आदेशाबरोबर नावांची यादी आली असेल, त्यातल्या मुलींना फोन कर. खोली वाटून घेतली तरी दावा दोघींचा वेगवेगळा होतो. लॉजवाल्याला सांगायचं, दोघींच्या नावे निम्म्या-निम्म्या रकमेची दोन बिलं दे. तो नाहीच म्हणाला तर एका बिलावर दोन्ही नावं लिहून घ्या आणि प्रत, निम्मी रक्कम आणि खाली एक खुलाशाची ओळ दोघींनी आपापल्या बिलाला जोडा. त्याआधी ई-संपदा पोर्टलवर केंद्र सरकारची अतिथिगृहं नक्की पाहा. जागा मिळाली तर भाडं फार कमी असतं आणि पावतीची कटकटच संपते. सलग सहा आठवडे मिळणं अवघड, पण पहिले चार दिवस मिळाले तरी खोली शोधायला श्वास मिळतो. पहिल्या दिवशी मुंबईत उजेडी उतर, खोली स्वतः पाहा, दाराची कडी आतून लावून बघ, आणि मगच पैसे दे. सहा आठवड्यांचं भाडं एकदम कुणालाही देऊ नकोस.

पेइंग गेस्ट ठेवणाऱ्या बहुतेक घरमालकिणी पावती द्यायला नाखूश असतात. आधीच विचारून ठेव. साध्या कागदावर का होईना, त्यांचं नाव, पत्ता, तुझं नाव, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, रक्कम आणि सही एवढं हवं, आणि पैसे यूपीआयने दे म्हणजे खात्यात खूण राहील. असा कागद पावती म्हणून चालेल का, ते निघण्यापूर्वी तुमच्या बिल सेक्शनला विचारून घे. सेक्शनागणिक मतं बदलतात आणि परत आल्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. नाहीच चाललं, तर ५६३ पर्यंतचा स्वप्रमाणित दावा आहे. मात्र पावती लागत नाही म्हणजे खर्च केल्याशिवाय मागता येतो, असा अर्थ कृपा करून काढू नकोस. खोलीची अनामत रक्कम परत मिळणारी असते, ती बिलात धरायची नाही.

आणि आता ती दादरच्या लॉजची पावती.

तुझे वरिष्ठ वाईट माणूस असतील असं मला वाटत नाही. त्यांना तुझं भलंच करायचं असेल. बऱ्याच कार्यालयांत अशी माणसं असतात, नव्या मुलांना 'सिस्टीम शिकवणारी'. पण ही पावती टेबलावर कशी दिसते ते मी सांगते. रोजचं भाडं नेमकं मर्यादेइतकं, एक रुपया कमी नाही, जास्त नाही. सगळी रक्कम रोख. दोन वेगवेगळ्या माणसांनी तीन आठवड्यांच्या अंतराने आणलेल्या पावत्यांचे नंबर लागोपाठचे. बेचाळीस दिवसांची पावती, आणि अक्षर, शाई, सही एका बैठकीतली. हे पकडायला हुशारी लागत नाही, एखादी कंटाळलेली दुपार पुरते. कुणी लॉजला फोन लावला आणि रजिस्टरमध्ये तुझं नाव नाही, एवढं झालं की पुढचं यंत्रासारखं चालतं. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधल्या तिसऱ्या नियमात पूर्ण सचोटीची अट आहे. खोटा दावा त्यात सरळ बसतो. चौकशी, वसुली, शिक्षा हे झालं कायम माणसाचं. तू परिविक्षेवर, म्हणजे प्रोबेशनवर, आहेस, आणि परिविक्षेवरच्या माणसाला घरी पाठवायला सरकारला फारसे कागद लागत नाहीत. फौजदारी वेगळीच: खोट्या एलटीसी (रजा प्रवास सवलत) बिलांवरून सीबीआयने गुन्हे दाखल केलेले आहेत, ते सगळे 'सगळेच करतात' म्हणणारेच होते.

बाबांना विचार ना. कंडक्टरच्या बॅगेत मशीनच्या हिशेबापेक्षा रक्कम कमी-जास्त निघाली आणि त्याच वेळी तपासणीचं पथक गाडीत चढलं तर काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिथे फरक पाच-दहा रुपयांचा असला तरी जबाब द्यावा लागतो. तुझा फरक ५२ हजारांचा असेल.

वरिष्ठांना काय सांगायचं? भाषण नको, तक्रारही नको. त्यांनी नुसतं सुचवलंय, तू घेतलेलं नाहीस. 'सर, राहायची सोय झाली आहे, पावती मिळणार आहे,' एवढं पुरे. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच. तिसऱ्यांदा कुणी विचारत नाही. मात्र बिल जमा करताना ते त्यांच्या हातून जाऊ देऊ नकोस. स्वतः दे, पोच घे. कुणी 'मी नीट करून देतो' म्हणून त्यात कागद घुसवू नये, इतकंच.

अर्जाचं आता. तुमच्याकडे हिंदी किंवा इंग्रजी चालत असेल, मजकूर असा असावा: 'आदेश क्रमांक अमुक, दिनांक अमुक अन्वये मला मुंबई येथे सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी पाठवण्यात येत आहे. संस्थेत महिला वसतिगृह उपलब्ध नसल्याने निवासव्यवस्था स्वतः करावयाची आहे. रेल्वे भाडे, निवास व दैनिक भत्त्यापोटी अंदाजित खर्च सोबत जोडला आहे. तेवढी रक्कम अग्रिम म्हणून मंजूर करावी.' सोबत आदेशाची प्रत आणि अंदाजाचा तक्ता. 'कृपावंत होऊन', 'गरीब परिस्थितीमुळे' असलं काही लिहू नकोस. कार्यालय तुझी परिस्थिती बघून पैसे देत नसतं. मुक्कामाचा अंदाज तू प्रत्यक्ष पाहिलेल्या दराने लाव, डोळे मिटून १,२५० लावू नकोस, कारण उरलेली रक्कम परत करावी लागते आणि पहिल्या महिन्यात हातातले पैसे परत करणं फार जड जातं.

परत आल्यावर आळस नको. ॲडव्हान्स घेतला असेल तर समायोजनाचं, म्हणजे हिशेब जुळवण्याचं, बिल पंधरा दिवसांत द्यायचं, नाहीतर ती सगळी रक्कम पगारातून एकदम कापली जाते. ॲडव्हान्स घेतला नसला तरी दाव्याची मुदत प्रवास संपल्यापासून ६० दिवस. पूर्वी ती वर्षभर होती, मार्च २०१८ मध्ये साठ दिवसांवर आणली. जुने लोक अजून 'वर्षभर आहे की' म्हणतात, त्यांचं ऐकू नकोस. दौऱ्याच्या बिलाचा नमुना जीएआर १४-ए. काही कार्यालयांत तो ऑनलाइन भरतात. नागपूरचा घरभाडे भत्ता प्रशिक्षणाच्या सहा आठवड्यांत चालू राहतो, म्हणजे तिथली खोली सोडायची घाई नको. वाहतूक भत्ता मात्र प्रशिक्षणात एखादा पूर्ण कॅलेंडर महिना गेला तर त्या महिन्याचा मिळत नाही. पगारपत्रकात तो दिसला नाही तर चूक झाली म्हणून धावत जाऊ नकोस, आधी तारखा मोज.

एक कागद मात्र मुंबई सोडण्याआधी घ्यायचाच. प्रशिक्षण पूर्ण केल्याचं आणि हजेरीचं प्रमाणपत्र संस्था देतेच. त्याबरोबर 'प्रशिक्षण काळात यांना वसतिगृह किंवा मोफत भोजन देण्यात आले नाही' असं एका ओळीचं प्रमाणपत्र शिक्का-सहीसह मागून घे. शेवटच्या दिवशी समारोप, फोटो, चहा यांत तो लिपिक सापडत नाही, म्हणून आदल्या दिवशी दुपारी गाठ. जेवणाचे पूर्ण ६२५ आणि मुक्कामाचा सगळा दावा त्या एका ओळीवर उभा राहणार आहे, आणि नागपूरला परत आल्यावर ती ओळ मिळवायला महिना लागतो.